पिशवीखालची अक्षरं

थोरलीने पिशवी पुस्तकावर ठेवली आणि तिला अक्षरं दिसली नाहीत.

तिने पिशवी जरा सरकवली. वरची सुरकुती तळहाताने सपाट केली. खाली प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान होतं, ठळक छपाईचं. पिशवीत आईच्या पोटातून नुकतंच उतरलेलं दोन लिटर पाणी. रोज ते फिकट पिवळं, नितळ असायचं. आज तांदळाच्या धुवणासारखं होतं.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसातून चार वेळा नळीने पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी काढायचं, पुन्हा नवं सोडायचं. हे काम थोरलीचं. काढलेलं पाणी छापील कागदावर ठेवून बघायला हॉस्पिटलातल्या सिस्टरनी शिकवलं होतं. अक्षरं वाचता आली तर ठीक. नाही आली तर पोटात जंतू शिरले असं समजायचं आणि हातातलं काम टाकून, पिशवीसकट निघायचं. घरात वर्तमानपत्र यायचं. पण बाबा म्हणाले, "वाचायचंच आहे ना, मग देवाचं वाचू." ते बुकबाइंडर होते. घरातलं जुनं पुस्तक त्यांनी दुकानात नेऊन नव्याने बांधून आणलं. तेव्हापासून रोज सकाळी थोरली पाण्यातून प्रार्थना वाचायची.

बाबा दाराशी डोळे मिटून उभे होते. पिशवीकडे ते कधीच बघत नसत. थोरलीचं वाचून झालं की डोळे उघडायचे आणि चहा टाकायला जायचे.

"काय गं?" आईने खाटेवरून विचारलं. तिला तिथून जमीन दिसत नव्हती.

"काही नाही. उजेड कमी आहे."

खिडकीतलं ऊन थेट पुस्तकावर पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी असंच पाणी आलं, तेव्हा आई एकवीस दिवस हॉस्पिटलात होती. त्यातले सहा दिवस तिने कुणालाच ओळखलं नव्हतं. घरी आणल्यावर बाबा म्हणाले होते, "देवाने एकदा परत दिली." त्यातलं 'एकदा' थोरलीच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

दाराशी बाबांचे ओठ थरथरायला लागले. मिटलेल्या पापण्या आणखी घट्ट झाल्या. ते तिला बघवेना.

"हे दयाळा," ती म्हणाली, "आजचा दिवस तू दिलास, तो तुझ्याच छायेत सरू दे..."

पान संपेपर्यंत ती थांबली नाही.

बाबांनी डोळे उघडले. "झालं! उगाच जीव टांगणीला लावतेस पोरी," असं म्हणत ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. थोरलीने मनाशी ठरवलं, चहा होऊ दे, मग जिन्यात जाऊन सिस्टरना फोन करू. दहा मिनिटांनी काय बिघडणार आहे?

"आज भराभर म्हटलंस," आई म्हणाली.

"हो का?"

"रोज एकेक अक्षर लावत वाचतेस, पहिलीतल्या मुलीसारखी. आज नुसती गाडी सुटली होती." आई हसली नाही. "पहाटेपासून पोटात कळा येतायत. मला वाटलं, गॅसेस असतील. दाखव बघू पिशवी."

थोरलीने दोन्ही हातांनी पिशवी उचलली. आईने ती एकदाच पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाबा कप घेऊन आले ते उंबऱ्यावरच थबकले.

"वाचलं ना तिने? मी ऐकलं. मी इथेच उभा होतो!"

"मला पाठ आहे ते, बाबा."

कप त्यांनी जमिनीवरच ठेवले. गुडघ्यांवर बसले, पिशवी आपल्या हाताने पुस्तकावर ठेवली. पान उलटलं. पुन्हा उलटलं. "या पानाची शाई फिकी असेल," ते म्हणाले. पाच-सहा पानं उलटून झाली. मग ते पानांत बोट तसंच ठेवून बसून राहिले.

"माझंच चुकलं. काल कामाच्या घाईत मी प्रार्थनेला बसलो नाही."

"अहो, देवाला काय तुमच्यावर रुसून बसण्याशिवाय उद्योग नाही?" आई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "उठा. माझी शाल द्या."

थोरलीने फोन लावला. पलीकडून सिस्टरनी विचारलं, "पाणी काढून किती वेळ झाला?"

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. तिला रडू आलं.

"रडू नका. नवीन पाणी सोडू नका. पिशवी घ्या आणि निघा."

टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई उभी राहिली, पण दोन पावलांतच तिचे पाय गळाले. बाबांनी तिला पाठुंगळी घेतलं. थोरली पिशवी छातीशी धरून पुढे उतरत होती.

बाबा पुटपुटत होते. पहिल्याच वळणावर त्यांचा पाय निसटला. खाड्कन कठडा पकडून ते कसेबसे सावरले. थोरली किंचाळली.

आईने तापलेली हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली.

"तुम्ही पायरीकडे बघा," ती म्हणाली. "देवाचं मी म्हणते."

आणि ती म्हणू लागली. एका शब्दाला एक पायरी, असे बाबा उतरत गेले. प्रार्थना दुसऱ्या मजल्यावरच संपली. आईने ती पुन्हा पहिल्यापासून धरली.