गुरुवारची उजळणी

“मंगळवारची कचऱ्याची गाडी चुकली वाटतं?” शेजारच्या मोरिवाकी काकूंनी कानाएच्या हातातल्या दोन फुगलेल्या पिशव्यांकडे बघत विचारलं.

“चुकली ना. कोतोनेला ताप होता त्या दिवशी.”

कानाएने कचऱ्याच्या ढिगावरची जाळी उचलून जाळायच्या कचऱ्याच्या पिशव्या आत सरकवल्या. वर तारेवर दोन कावळे मान वाकडी करून टपून होते.

“या जाळीला कावळे भीत नाहीत, हसतात. नवी घ्यायचीय. गल्लीच्या कागदावर सहीचा शिक्का मार म्हणून तुझ्या आईला कधीची सांगतेय मी.”

“आज नको हं काकू. आज आईला घेऊन गावात जायचंय. दादा येतोय.”

“हिदेआकी? ओसाकाहून? मग काहीतरी मोठंच असणार बाई!”

मोठंच होतं. आज कानाएची आई, सुएनो, नोटरीसमोर थोरल्या मुलाला मुखत्यारपत्र करून देणार होती. पैसाअडका, घरदार आणि उद्या तिचं तिला कळेनासं झालं तर औषधपाणी, राहणं-खाणं, सगळंच त्याच्या हाती. दादाने काही लपवलं नव्हतं. ओसाकात त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी छानशी जागा होती. आईने तिथे राहायचं आणि तळ्याकाठचं हे घर विकायचं. हिवाळ्यात आई किटली गॅसवर ठेवून विसरली, तेव्हापासून त्याने घाई लावली होती. “नोटरी साधेच प्रश्न विचारतो, पण ती अडखळली तर सगळं अडेल. तू तयारी करून घे,” असं त्याने फोनवर बजावलं होतं.

आणि कानाए तयारी करून घेत होती. घटस्फोट झाल्यावर चिमुरड्या लेकीला, कोतोनेला, कडेवर घेऊन ती याच दारात उभी राहिली, तेव्हा आईने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. नुसता भात वाढला होता. त्या आईला आता पोपटासारखं पढवायचं. स्वतःची अशी शरम तिला आजवर कधी वाटली नव्हती.

ती घरात आली तेव्हा आई वाढदिवसाच्या जांभळ्या उशीवर बसून मिसो सूपच्या वाटीतले शिंपले टोकरत होती.

“आई, एकदा शेवटचं. आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“वय?”

“सत्त्याहत्तर.”

“शाब्बास.” कानाएला तिच्याकडे बघवेना. “आई, तुला मनापासून जायचंय ना पण?”

“थोरला मागतोय,” आई म्हणाली. “त्याला नाही म्हणायला माझी जीभ कधी वळलीय? त्याने हात पुढे केला की तुझ्या ताटातला मासाही उचलून त्याला द्यायचे मी.”

“माहितीय. ताटासमोर मीच बसलेली असायचे.”

आई हसली. “बरं, पुढे काय विचारतील?”

दादा स्टेशनवर कानाएच्या गाडीत चढला तो हाशहुश करतच. “झाली तयारी?”

“सगळं पाठ आहे.”

“मला वाटलं होतं, तूच मोडता घालशील. तुझंही छप्पर जाणार ना. पण बघू, तुम्हा दोघींना एखादी खोली शोधून देईन मी.”

कानाएने आरशात पाहिलं. मागे आई मांडीवर हात ठेवून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. उजळणी करत होती.

नोटरीने दोघा मुलांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं आणि मधे बोलायचं नाही, अशी तंबी दिली.

“आजी, आज वार कोणता?”

“गुरुवार.” अगदी खणखणीत.

भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवार होता. नोटरीचं पेन थांबलं.

“वय किती तुमचं?”

“सत्त्याहत्तर.”

“अगं ऐंशी!” दादा अर्धवट उठला. “परवाच तर मी ऐंशीव्या वाढदिवसाची उशी पाठवली...” नोटरीने त्याला हातानेच खाली बसवलं.

कानाएने मान वर केली नाही. आई एका अक्षरानेही चुकली नव्हती. कानाएने जे शिकवलं, तेच ती तसंच्या तसं म्हणत होती. घर राहावं म्हणून शिकवलं होतं. आता कुणाचं घर, आईचं की आपलं, हे कानाएने स्वतःला विचारायचं टाळलं होतं. परक्या माणसासमोर आईला खुळी ठरवायचं आणि तेही तिच्याकडूनच घोकून घेऊन!

“बरं, आज कशावर शिक्का मारायचाय तुम्हाला?”

एवढं एक उत्तर कानाएने खरं शिकवलं होतं. संशय नको म्हणून.

“कचऱ्याच्या जाळीच्या कागदावर,” आई म्हणाली. “कावळे फार माजलेत हो.”

हे कानाएने शिकवलं नव्हतं. म्हणजे आईचं भान खरंच सुटत चाललं होतं, आणि आपण तिच्या त्या सुटण्याचाच फायदा घेतला.

नोटरीने फाईल मिटली. “आज शिक्का घेता येणार नाही. माफ करा.”

स्टेशनवर उतरताना दादाचा आवाज बसला होता. “इतकं झालंय, मला माहीतच नव्हतं गं. अशात तिला नव्या जागी नेणं म्हणजे जुनं झाड उपटणं. राहू दे तिला घरीच. तू आहेस म्हणून बरं.” त्याने खिडकीतून आईचा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, “येतो हं आई. मी हिदेआकी.”

“हो का,” आई म्हणाली. “जपून जा.”

तळ्याकाठच्या रस्त्यावर कानाएला समोरचं दिसेना. तिने गाडी कडेला घेतली, डोळे पुसले. माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. आणि मागितली तरी आईला आता कळणार काय होतं?

“थांबलीच आहेस तर बाजाराकडे वळव गाडी,” मागून आई म्हणाली. “शुक्रवारचा मासा ताजा असतो. आज तुझ्या ताटात वाढते.”