शिंपल्यांची भिंत

सेंट ऑगस्टीनच्या समुद्रकाठच्या किल्ल्याची भिंत शिंपल्यांच्या दगडाची होती. एकेक शिंपला करंगळीच्या नखाएवढा. जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका सुमेधाबाई वाकून बघत होत्या.

"हात लावू नकोस हं आई, तुझी प्रयोगशाळा नाहीये ही," म्हणत इथं परदेशात स्थायिक झालेली लेक ऋजुता पाटी वाचू लागली. "स्पॅनिश लोकांनी बांधलाय. तोफगोळे नुसते रुतायचे, भिंत फुटायची नाही."

मिरजेतल्या शेजारच्या देवस्थळींनी सुमेधाबाईंना लग्नाचं विचारून वर्ष उलटलं होतं. लेकीला कसं सांगायचं म्हणून उत्तर रखडलं होतं. या प्रवासातही सुमेधाबाई बोलायला तोंड उघडत आणि पाणीच मागत.

"बाबांच्या मागे मिरजेत एकटी काय करणार? इथंच माझ्याकडे राहा आता."

सुमेधाबाई ताठ उभ्या राहिल्या.

"एकटी नाही राहणार. देवस्थळींशी लग्न करतेय मी. तू यायचंस."