बॅनरखालची खुर्ची

तारनाक्यातल्या कोचिंग क्लासने दीक्षाचा फोटो बॅनरवर झळकवला: ‘जीआरईत अव्वल, आमची विद्यार्थिनी.’ सरांनी ‘तुझ्यामुळे आमचा रिझल्ट बिघडेल’ म्हणत तिला तिसऱ्याच आठवड्यात सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. पुढचा अभ्यास तिने घरीच केला. बॅनर दिसला त्या सकाळी ती प्लास्टिकची खुर्ची आणून त्याच्याखाली बसली. ॲडमिशनला आलेली पोरं एकदा वर बघत, एकदा तिच्याकडे. ‘अक्का, तुम्हीच ना?’ ‘मीच. मला ह्यांनी हाकललं होतं.’ पोरं जिना न चढताच परतत. दुपारी आई डबा घेऊन आली. ‘ऊन लागतंय का गं?’ ‘नाही, बॅनरची सावली आहे.’ चौथ्या दिवशी सर खाली उतरून दीक्षासमोर उभे राहिले. ‘क्या होना अम्मा तेरेकू? बॅनर उतार दूँ?’ ‘नक्को सर, राहू द्या. नाहीतर लोक ओळखणार कसे? अमेरिकेत शिकायला जायचं विमान ऑगस्टात. तोवर दुसरं काम नाही.’