शिडीचा जॉइंट

"एक जॉइंट मुद्दाम सोडलाय. पानी सोडायच्या आत हुडक," शलमोन पोरीला म्हणाला. मग फ्यूज खिशात टाकून कोरड्या स्विमिंग पूलच्या काठावर पाय सोडून बसला.

एंजल मीटर घेऊन आत उतरली. आयटीआय करून आलेली, बापाच्या हाताखाली सहावा महिना. पूलचं काम बघायला सरळ. स्लॅबच्या सळया, शिडी, पंप, दिवा, जे जे धातूचं ते सगळं एकाच तांब्याच्या तारेनं बांधून टाकायचं. एक जरी सुटलं आणि कधी बिघाड झाला, तर करंट पोहणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो.

शलमोन लई खुशीत होता. स्वतःच्या लग्नात सासऱ्याच्या खुर्चीखाली टेम्पोचा हॉर्न बसवणारा माणूस तो, पोरीची परीक्षा सरळ कशाला घेईल? पंपाचा नट त्यानं असा ढिला केला होता, की बघणाऱ्याला घट्टच वाटावा.

तेवढ्यात रिसॉर्टचे मालक काकासाहेब आले. "झालं का? उद्या लेकरंबाळं पोहनार. शिंगणापूरच्या रस्त्याला माझं नाव हाय."

"आन् माझं न्हाई व्हय? तीस वर्षांत एक जॉइंट इसरलो न्हाई. त्याच्यावरच तर कामं मिळत्यात."

एंजल हात पुसत वर आली. "सापडले, पप्पा. पंपाचा आन् शिडीचा. दोन्ही आवळले."

शलमोननं एकच सोडला होता.

शिडीपाशी काल बसल्याचं त्याला आठवलं. पुढचं काही आठवेना.

"दोन जॉइंट सुटलेले?" काकासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "शलमोन, इसरला तर न्हाईस ना? खरं सांग."

"मालक, त्ये..."

"इसरतील कशाला?" एंजल मधेच बोलली. "माझी परीक्षा घ्यायला एक सोपा, एक अवघड, असे दोन मुद्दाम सोडत्यात. लई छळत्यात हो मला."

काकासाहेब हसत हसत बोअरची मोटर चालू करायला गेले. एंजल पाने-पकडी पिशवीत भरायला लागली. शलमोन हळूच तिच्याशेजारी येऊन बसला.

"अवघड कंचा हुता गं?"

"शिडीचा. तारेचं टोक अजून गुंडाळलेलंच हुतं, जोडलंच नव्हतं."

पाण्याची पहिली धार पूलमध्ये पडली.

"पप्पा," एंजल म्हणाली, "आता मुद्दाम नका सोडत जाऊ. मी तसंबी रोज बघनारच हाय."