मारीचे डोहाळे

ऐंशीला फ्रेंचमध्ये चार वेळा वीस म्हणतात, हे समीक्षाने फळ्यावर लिहून समजावलं, तेव्हा राहीबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

“म्हंजी चार इसा. मग त्यात शिकवायचं काय गो?”

समीक्षाला स्वतःला पुण्यात शिकताना हे फार जड गेलं होतं. आता ती महाडला घरच्या पडवीत, हॉटेलात नोकरीला जाणाऱ्या पोरांना फ्रेंच शिकवायची. राहीबाई साठीच्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. एसटीने यायच्या आणि पोरांच्या पुढे बसायच्या. नाकातले उच्चार त्यांना एकदम जमले. कोकणात नाक वापरायला वेगळं शिकवावं लागत नाही.

शिकायचं कारण सून.

मुलगा सुनील मुंबईत एका मोठ्या हॉटेलात कूक. त्याने परस्पर लग्न केलं आणि बायकोला घेऊन गावी आला. तिचं नाव मारी. बिस्किटामुळे ते गावाला आधीच पाठ होतं. ती फ्रान्सची, पण मूळ त्यांच्या कुठल्याशा बेटावरची, म्हणून रंगाने आपल्यासारखी, आणि तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही, असं सुनीलने सांगितलं.

गावकी बसली. वाळीत टाकायला आता कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गावकी कुणाला वाळीत टाकत नाही. फक्त बोलत नाही. शेजारच्या किशोरने दुसऱ्या जातीतली बायको आणली, तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. त्याचा बाप गेला तेव्हा खांदेकरी पोलादपूरहून टेम्पोने आणावे लागले.

मारीच्या बाबतीत अडचण वेगळी होती. गावकीचे अध्यक्ष भागोजी यांनी विचारलं, जात कंची. सुनील म्हणाला, त्यांच्यात नसते. भागोजींनी बराच वेळ विचार केला.

“जातच नाय, तर मोडणार काय?”

सगळ्यांना पटलं. नारळ फुटला.

पाचव्या महिन्यात मारी गावी राहायला आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण माहेर पडलं विमानाच्या वाटेवर. सुनील शनिवारी यायचा आणि दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करायचा. बाकीचे दिवस खुणांवर निघायचे. गावाला सून फार पसंत पडली. उलटून बोलत नाही, असं बायका आपापल्या सुनांना ऐकवायच्या. पहिल्याच दिवशी तिने भाकरी हातावर थापली, तेव्हा फ्रान्समध्येही चुली असणार असं ठरलं.

राहीबाईंना मात्र ती परसात एकटी रडताना दिसायची. कुठे दुखतं, असं खुणेने विचारलं की नुसती मान हलवायची. उद्या कळा सुरू झाल्या तर पोर सांगणार कुणाला, आणि आपल्याला कळणार काय, या धास्तीने त्यांनी एक दिवस महाडची एसटी पकडली होती.

सुनीलला कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. नको शिकू म्हणाला, तिचं फ्रेंच बेटावरचं, वेगळं असतं. राहीबाई म्हणाल्या, आपलं मराठी तरी कुठं पुण्याचं हाय.

पण मारीही टाळायला लागली. राहीबाई ‘बोंझूर’ म्हणत समोर आल्या की ती घागर घेऊन विहिरीकडे निघायची, भरलेली असली तरी. राहीबाईंना ते लागलं. समीक्षापाशी त्या एकदाच बोलल्या.

“गावंढळ सासूच्या तोंडात आपली भाषा बघून लाज वाटत आसंल तिला.”

आणि पुढचा धडा काढायला लावला.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं. एरवी तो बायकांचा कार्यक्रम, पण फ्रेंच डोहाळे कुणी पाहिले नव्हते, म्हणून भागोजींसकट सगळी गावकी पडवीत येऊन बसली. मारी हिरव्या साडीत पाटावर. गाणी झाली, ओटी भरून झाली. काय खावंसं वाटतं ते विचारायची वेळ आली. भागोजींनी फर्मावलं, राहीवैनी, तुमी त्यांच्या भाषेत इचारा, गावाला बी ऐकू द्या. सुनील घाईने उठला, मी विचारतो म्हणाला. भागोजींनी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

राहीबाई पुढे झाल्या. वाक्य महिनाभर घोटलेलं होतं. पोरी, तुला काय पाहिजे, मागशील ते देईन, असं त्यांनी स्वच्छ फ्रेंचमध्ये विचारलं. न अडखळता.

मारीने सुनीलकडे पाहिलं. राहीबाईंनी तेच पुन्हा, सावकाश विचारलं. तेव्हा ती पाटावरून अवघडत उठली, नमस्काराला वाकली, आणि वाकल्या वाकल्या काहीतरी पुटपुटली. तिला उठवायला राहीबाईही वाकल्या होत्या. ते त्यांच्याच कानावर पडलं.

“काय मागते?” भागोजींनी विचारलं.

राहीबाई सरळ झाल्या.

“चीज,” त्या म्हणाल्या. “फ्रान्सचं चीज मागते.”

पडवीत टाळ्या पडल्या. सून गावाची आहे, काही कमी पडता कामा नये, असं सांगून भागोजींनी मोटारसायकलवरून एकाला महाडला पिटाळलं. मारी पुन्हा तोंड उघडणार तोच राहीबाईंनी ताटातला लाडू उचलून तिच्या तोंडात घातला. अख्खा. वरून तळहात दाबून धरला. सासूची माया बघून दोनतीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

पायाशी वाकून ती म्हणाली होती ते एवढंच, “आत्या, मला नाय येत फ्रेंच. माजी आय हितंच बिरवाडीला हाय, दुसऱ्या जातीची. तिच्या हातची भाकरी पायजे.”