मधल्या दाराचा खटला
खोटं बोलत असेन तर जीभ झडो, पण आमच्या आणि दादाच्या घरामधल्या दाराचा खटला इतका जुना, की फाइलीला मिशा फुटल्या. वहिनींनी दाराला कुलूप ठोकलं आणि बायकोनं वहिनींवर दावा. यंदा कोर्ट व्हिडिओ कॉलनं फोनवर आलं. फोनवरच्या पहिल्याच तारखेला बायको दिसली नाही, तर दावा फेटाळणार आणि दार कायमचं बंद. नेमकी तेव्हाच आमच्याकडची रेंज गेली. एवढ्यात दारापलीकडून वहिनी ओरडल्या, "अगं धाकटे, तुझा पुकारा झाला! इकडं ये, इथं रेंज आहे!" बायको करवादली, "कशी येऊ? कुलूप तुमचंच ना, जाऊबाई?" खडखडाट झाला. न्यायाधीशांना पडद्यावर दोघी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसल्या. "वादी कोण?" "मी, साहेब." "मागे उघडं दिसतंय ते?" "तेच दार," दोघी म्हणाल्या. "मग कुलूप कुठाय?" वहिनी लाजल्या. "फोन त्यालाच टेकवलाय, साहेब."