मेल्यानंतरचं

“हे काय मग? हे वळ नाहीत तर काय आहे?” तबेल्याचा मालक ओरडला. कातडं सोललेल्या घोडीची उजवी कूस काळीनिळी पडली होती. “यानेच बडवली तिला. दांडक्याने बडवून मारली!”

घोडीची निगा राखणारा मोतद्दार भिंतीला टेकून उभा होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. “माझ्या लेकीसारखी होती हो ती,” एवढंच तो म्हणाला.

घोडीपाशी गुडघे टेकून बसलेल्या डॉक्टरणीने मान वर केली नाही. त्या काळ्या भागावर तिने सुरीने चीर दिली आणि मगभर पाणी ओतलं. रक्त वाहून गेलं. खालचं मांस साफ निघालं.

“मार लागला असता तर रक्त मांसात गोठलं असतं, धुऊन निघालं नसतं. पहाटेपासून या कुशीवर पडून होती, सगळं रक्त खाली उतरलं. हे मेल्यानंतरचं आहे.”

“आणि हा नाकातला फेस? हे हिरवं पडलेलं पोट? विष घातलं असेल!”

“उन्हात पडलेलं जनावर आहे मालक. तेही मेल्यानंतरचंच.”

“बरोब्बर!” मागून मोठे डॉक्टर म्हणाले. मोठे डॉक्टर म्हणजे तिचे वडील. आदल्या संध्याकाळी घोडी तळमळत होती तेव्हा तेच येऊन गेले होते. पोटात वारा धरलाय म्हणाले, इंजेक्शन टोचलं आणि परतले.

तिने पोट उघडलं. वायू फुसफुसत बाहेर पडला आणि त्यामागून असा भपकारा आला की मालक तबेल्याच्या दारापर्यंत मागे सरला. माशा तिच्या ओठांवर बसू लागल्या. तिने आत कोपरापर्यंत हात घातला. जठर फाटलं होतं. आंबलेला दाणा आतड्यांवर सगळीकडे चिकटला होता, गरम, बुळबुळीत.

बाबा लांबूनच वाकले. “सडलं की फुगतं आणि फाटतं. हेही मेल्यानंतरचंच. चल, शिवून टाक.”

तिने फाटलेली कड बोटांत धरली. मेल्यावर फाटलेली कड फिकी असते, भिजल्या कागदासारखी. ही जाड होती, लालभडक. कडेला रक्ताच्या गाठी धरल्या होत्या. तिने पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. गाठी हलल्या नाहीत.

घोड्याला ओकता येत नाही. पोट तुंबत गेलं की नाकातून नळी घालून ते रिकामं करावं लागतं, नाहीतर एकच वाट उरते, ते फाटतं.

“बाबा, काल नळी घातली होती?”

“गरज नव्हती.”

“कुत्र्यासारखी ढुंगणावर बसत होती, साहेब,” मोतद्दार म्हणाला. “मी दाखवलं तुम्हाला, पोट तुंबलं की घोडं असंच बसतं. तुम्ही म्हणालात, उतरेल आपोआप.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्या कानाशी वाकले. “दवाखान्यावर आपल्या दोघांचं नाव आहे. कळतंय ना? उरक आता.” मग ताठ होऊन, जनावरांच्या मालकांशी बोलताना वापरायच्या त्यांच्या त्या मायाळू आवाजात ते मालकाला म्हणाले, “यानेच भलतासलता दाणा घातला असणार. ही माणसं कधी कबूल करायची नाहीत.”

किडे पडलेली जनावरं उघडून ती घरी जाऊन पोटभर जेवत असे, आणि आता तोंडाला कडू पाणी सुटलं होतं. तिने ते गिळलं.

“मालक, इकडे या. नाक दाबा हवं तर, पण या.” तिने ती लाल कड दोन बोटांनी उचलून धरली. “हे मेल्यानंतरचं नाही. पोट फाटलं तेव्हा ती जिवंत होती. काल वेळेवर नळी घातली असती तर कदाचित वाचली असती. या माणसाचा काही दोष नाही.”

मालकाने आधी त्या कडेकडे पाहिलं, मग मोठ्या डॉक्टरांकडे. “तुम्ही तर वारा म्हणालात.”

मोतद्दार भिंतीवरून घसरत खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. मालक त्याच्याजवळ जाऊन नुसताच उभा राहिला.

“झालं समाधान?” बाबा हळूच म्हणाले. मग चारचौघांत बरं दिसावं म्हणून की सवयीने कोण जाणे, तिला उठवायला त्यांनी हात पुढे केला. गोरा, मऊ, साबणाने धुतलेला हात.

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग घोडीच्या ताठरलेल्या खांद्यावर आपला हात रोवला आणि त्याच्या आधाराने उठून उभी राहिली.